शून्य पूर्णांक एक पाच

अडावदच्या शाळेत संगणक सात, कीबोर्ड चार.
म्हणून मी रात्री जागून
ठोकळ्यांच्या डब्यात एक नवा ठोकळा टाकला:
दांडी जिकडे वळेल तिकडे चाल.

कंट्रोलर जळगावहून आणला, जुना,
कुणाच्या तरी अंगठ्याने एक्स पुसून गेलेला.
जोडला. पडद्यावरचं माकड
कुणी हात न लावता
डावीकडे निघालं, काठाला थडकून
चालतच राहिलं.

दांडी झिजली की असं होतं, मी म्हणालो,
मधे उभी असली तरी जराशी कललेली असते.
मग आपण लिहायचं: शून्य पूर्णांक एक पाचच्या आतलं
काही ऐकू नकोस.

जुबेदा तडवी, सहावी ब, हिने
माझी ती ओळ ओढून कचऱ्यात टाकली.
माकडाच्या जागी एक केळ उभी केली,
घड लटकवला.
केळ डावीकडे झुकायला लागली.
"राहू द्या ना सर, वारा शे तो."
आणि टेकू म्हणून उजवं बटण लावलं.

मधल्या सुट्टीची घंटा झाली.
कुणी उठलं नाही.
पाळीपाळीने एकेक अंगठा
केळ धरून उभा.