तासाप्रमाणे

दोन दिवस प्रशिक्षण, तिसऱ्या दिवशी परीक्षा.
चहा-जेवण त्यांचं, जाणंयेणं आपलं.
फॉर्मवर रकाना होता : सध्याचा व्यवसाय.
मी लिहिलं, इतिहास शिकवते,
आणि पुढे कंसात, तासिका तत्त्वावर.
अकरा वर्षं झाली,
तो कंस काही मिटत नाही.

मे महिन्यात परभणीत कॉलेजला सुट्टी लागते,
आम्हाला सुट्टी देण्यात येते.
गेल्या मेमध्ये एका सराफाकडे बिलं लिहिली,
त्याच्या आदल्या मेमध्ये
घरात बसून पंख्याचा आवाज ऐकला.
औंदा हे.
जाऊबाई म्हणल्या,
सायकल शिकवायचं बी सर्टिफिकेट असतंय का माय?
असतंय.

पहिल्या दिवशी हातात पाना दिला.
पेडल काढा.
डाव्या पेडलचे आटे उलटे असतात
हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं :
आवळायचं त्या बाजूनं फिरवलं
की सुटतं.
मग सीट खाली, दोन्ही तळवे जमिनीला.
आधी नुसतं चालायचं सायकलवर बसून,
मग ढांगा टाकायच्या,
मग एका ढांगेनंतर पाय खाली आणायचा विसरायचा.
कुणी सीट धरायची नाही. खांदाही नाही.
तुम्ही धरलं, तर ती तुमच्यावर तोल शिकते,
सायकलवर नाही.
हे मी वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या.

मी शिकले ती जब्बार मिस्त्रीची सायकल,
तासाला रुपया.
वेळ ते खडूनं मडगार्डवर लिहायचे.
दांडी उंच, म्हणून कैची मारत,
अर्धं अंग सायकलच्या पोटातून बाहेर,
मागून थोरला भाऊ पळायचा :
धरलंय गं, धरलंय!
आणि तो आवाज दर फेरीला
थोडा थोडा लांबून यायचा.

परीक्षेत माझ्या वाट्याला कौसर आपा.
वय चोपन्न.
सायकल नातीची, शाळेतून मिळालेली,
हँडलवरचं प्लास्टिक अजून तसंच.
बुरख्याचा घोळ मी कपड्याच्या चिमट्यांनी वर घेतला,
त्याचे दोन गुण वेगळे मिळाले.
पांव उठाऊं क्या मॅडम?
उठाओ आपा. सामने देखो, चाकाकडं नको.
त्यांनी उचलले.
चाक डुगडुगलं,
आणि माझ्या तोंडून निघून गेलं,
धरलंय आपा, धरलंय!
माझे दोन्ही हात हवेत होते.
परीक्षकांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

'शिकणाऱ्याशी खोटं बोलत नाही' : शून्य.
बाकी ठीक. पास.
गळ्यात घालायला ओळखपत्र, फोटोसहित.
कॉलेजनं अजून दिलेलं नाही.

आता शनिवार-रविवार, सकाळी सहा ते आठ,
वसमत रोडच्या मैदानावर,
उन्हानं डोळे उघडायच्या आत.
तासाला दीडशे, पाच जणी जमल्या तर.
चार आल्या तर घरी जायचं,
पण मी जात नाही, हे संस्थेला सांगू नका.
एक पोलिसाची बायको आहे, एक मेसवाली,
एक लोहट म्हणून नर्स, रात्रपाळी करून तशीच येते
आणि सायकलवरच पेंगते.
मी कुणालाच धरत नाही.
शेजारून पळते, खिशात पाना वाजतो.

कौसर आपा काल पेडल लावून आल्या.
मैदानाला एक फेरी मारली, दुसरी मारली,
तिसऱ्या फेरीला फाटक उघडं दिसलं त्यांना,
आणि त्या रस्त्याला लागल्या.
आपा! म्हणून मी ओरडले.
पुढं काय म्हणायचं ते प्रशिक्षणात नव्हतं.

आठ वाजले. सव्वाआठ.
बाकीच्या चपला घालून गेल्या.
हजेरीपटावर त्यांच्या नावापुढं
वेळ लिहायची राहिली आहे.
मी फाटकाच्या सावलीत उभी,
हातात कपड्याचे चार चिमटे,
कुणीच भाडं देणार नाही
असा हा तास
चालू ठेवून.