घडणावळ

आमचे दादा जळगावला सराफाच्या पेढीवर कारागीर.
पावतीवर ओळी तीन:
सोनं, घट, घडणावळ.
आटवताना जे उडून जातं ती घट,
ती गिऱ्हाइकाच्या माथी.
घडणावळ म्हणजे दादांचे डोळे,
ती मालकाच्या गल्ल्यात.

हे आठवलं वॉल्सॉलमध्ये, फेब्रुवारीत,
रात्री पावणेबाराला,
हीटर बंद करून, दोन स्वेटर चढवून
मी नागरिकत्वाचा फॉर्म भरत होते तेव्हा.

सोळाशे पाच पौंड.
वर एकशे तीस, शपथेच्या सोहळ्याचे.
अर्ज फेटाळला तर सोहळ्याचे परत,
बाकीचे गेले.
ऋजुताचे बाराशे चौदा.
ती जन्मली इथल्याच मॅनर हॉस्पिटलात,
तिच्या तोंडून भूक लागल्याचंसुद्धा इथल्या हेलात निघतं,
तरी बाराशे चौदा.
श्रीरंग म्हणाला, चार आण्याची कोंबडी
आणि पुढचं बोललाच नाही.
बारा आणे त्याच्याच गोदामातल्या रात्रपाळीचे होते.
त्याचा अर्ज पुढच्या वर्षी, असं ठरलं.
ठरलं म्हणजे, कोणी काही म्हटलं नाही.

परीक्षेचे पन्नास.
राजाच्या सहा बायका पाठ केल्या ओट्याशी कणीक मळताना,
कोणाचा काडीमोड, कोणाचं मुंडकं,
सगळं क्रमाने.

ओळख पटवायला माणसं हवी होती.
समोरच्या हॅडलीबाई, शाळेतून निवृत्त,
चष्मा पुसून सही केली, फी विचारली तर हसल्या.
मी डबाभर शंकरपाळे दिले.
डबा धुऊन परत आला, आत सहा अंडी.
या सगळ्या वर्षांत बिनघटीचा
एवढाच एक व्यवहार.

मग तो रकाना:
गेल्या पाच वर्षांत देशाबाहेर काढलेले दिवस, कारणासह.
माझी एकच ओळ.
नोव्हेंबर, एकोणीस दिवस, कुटुंबभेट.
दादा गेले त्या जुलैची ओळ नाही.
तेव्हा आधीच्या फीचा हप्ता होता
आणि तिकीट नऊशे ऐंशी.
फोन कानाशी धरून मी गॅसजवळ उभी होते,
पलीकडून भावजय सांगत होती
आता उचललं, आता कोपऱ्यावर पोचले.
न गेलेल्या दिवसांना रकाना नसतो.

तीनशे कमी पडत होते.
पार्क स्ट्रीटजवळ सोनं घेणारं दुकान आहे,
फोन दुरुस्ती आणि सोनं, एकाच काउंटरवर.
पाटल्या ठेवल्या.
म्हटलं, हातकाम आहे, ही वेल बघा,
प्रत्येक पानाला शिरा आहेत.
पोऱ्या चांगला होता, बघितली त्याने वेल.
फार सुंदर, म्हणाला,
आम्ही वजनावर घेतो.

दादांची घडणावळ
त्याच्या काट्यावर शून्य ग्रॅम भरली.

शपथ झाली, टाळ्या झाल्या,
ऋजुताने बिस्किटं खिशात घातली.
महिन्याने बर्मिंगहॅम, जुना पासपोर्ट सोडायला.
सोडायचीही फी असते.
निळ्या पुठ्ठ्याचा कोपरा कात्रीने कचकन कातरला बाईंनी
आणि पुढचा नंबर पुकारला.
तिकोनी तुकडा सतरंजीवर पडला.

पेढीमागच्या गल्लीत झारेकरी यायचे.
मोरीतला गाळ, पायपुसण्याची धूळ,
दादांच्या धोतराची झटकनसुद्धा
पैसे मोजून न्यायचे,
नदीवर धूत बसायचे दिवसभर.
मला लहानपणी ते वेडे वाटत.

वाकले, उचलला.
बाईंनी पाहिलं, काही म्हणाल्या नाहीत.

श्रीरंगच्या अर्जासाठी लोणच्याची बरणी धुऊन ठेवलीय.
तीनदा धुतली, वास जात नाही.
आत सध्या अकरा पौंड
आणि तो कोपरा.