बारी

पिंपळनेरच्या पेठेत, गुळाच्या दुकानावर,
लोखंडी जिना चढला की माझी खोली.
एक पंखा, एक राउटर, आणि कंपनीकडून आलेली
करंगळीएवढी काळी तार.
तिच्यावर एकशेबारा घरं पाणी भरतात.
पाणी मी म्हणतो. बिलावर एमबीपीएस लिहितो.

मंगळवारी संध्याकाळी सातला फोन सुरू झाले.
"भो, नेट जित्तं से का मरनं?"
इंदुबाई भदाणेंचं पेन्शनचं पान अर्धं उघडून थांबलेलं,
शिक्क्याचा वरचा निम्मा गोल तेवढा आलेला.
कल्याणी बागूलचा नर्सिंगचा अर्ज, शेवटची तारीख,
फोटो चढत होता,
पायरीपायरीला टेकत.
आणि डिगंबर सराफांचा पोरगा
नव्वद जीबीचा खेळ उतरवायला लावून
स्वतः जेवायला बसला होता.

त्याचा दोष नाही. त्यानंही बिल भरलंय.
गाडाभर ओझं पुढं शिरलं
की मागची चिठ्ठी, चिठ्ठी असली तरी,
मागंच राहते.

माझे नाना पांझरेवर पाटकरी होते.
फडाची बारी रात्रीची असली की
खांद्यावर फावडं, कानाला उपरणं, खिशात बॅटरी.
ऊस किती पितो ते त्यांना ठाऊक होतं.
पण कांद्याचं रोप, कोथिंबिरीचा वाफा,
घोटभर घेतात आणि बाजूला होतात.
"आधी घोटवाला," ते म्हणायचे, "मंग पखालवाला."
आणि दुसरं, जे मला फार उशिरा कळलं:
"पाट काठोकाठ भरू नको, पोऱ्या.
चार बोट रिकामा ठेव.
भरना, का मंग पाट तुन्हा नही,
पानीना."

त्या संध्याकाळी मी शंभरातले पंच्याण्णवच मागितले.
पाच सोडून दिले. कंपनीला पत्ताही नाही.
तिकडं धुळ्याच्या कुठल्याशा पेटीत लागायची ती रांग
इकडं आली, माझ्या पंख्याखाली,
माझ्या हाताखाली.
मग एकेक ओळ लिहीत गेलो.
बोलणं सगळ्यात आधी, कारण आवाज तुटला
की समोरचा माणूस मेल्यासारखा वाटतो.
मग पानं, पावत्या, ओटीपी, अर्ज.
उतरवणं शेवटी. बंद नाही, शेवटी.
सगळ्यांचं पिऊन उरलं
की उरलेलं अख्खं त्याचंच.

सात चाळीसला इंदुबाईंचा शिक्का पुरा गोल झाला.
कल्याणीचा फोटो पोचला, एक कान कापला गेलाय,
पण तो स्टुडिओवाल्याचा दोष.
सराफांच्या पोरानं नेटवरूनच फोन लावला:
"दादा, अकरा तास दाखवतंय!"
म्हटलं, झोप. उठशील तेव्हा असेल.
त्यानं शिवी दिली.
बोलणं पहिल्या रांगेत होतं,
त्यामुळे ती स्वच्छ ऐकू आली.

आता एक सांगायचं राहिलं.
रात्री एकला ओळी परत तपासताना
सगळ्यांच्या वर एक पत्ता दिसला,
नुसते आकडे, नाव नाही.
कधी टाकला आठवेना.
माझ्याच फोनचा.

आमचं वावर फडाच्या शेपटाला होतं.
बारी तिथवर पोचायची तेव्हा उजाडलेलं असायचं
आणि पाटात नुसती ओल.
आई नानांना बोलायची, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.
नाना फावडं धूत राहायचे.
धुण्यासारखं त्यावर काही नसतानाही.

मी तो पत्ता उचलला. खाली आणला.
अगदी तळाला नाही.
उसाच्या एक ओळ वर.