मिळेल ते चिन्ह

पहिल्यांदा कपबशी होती.
पाचपावलीच्या उतारावर, बंद गिरणीच्या भिंतीवर
मी कपाला कान काढला, वर तीन रेघा वाफेच्या ओढल्या,
तर चैतराम पौनीकर मागून म्हणाले,
"वाफ मिटव बे. चहा कुठं झाला अजून?"
शंभर रुपये ठरले होते, चाळीस मिळाले.
उरलेल्या साठांची चिठ्ठी
माझ्या ब्रशांच्या डब्यात आहे, तारपिनाचा वास लागलेली.

पक्षांची भिंत सोपी असते.
एकदा साचा कापला की बापानंतर पोरगा चालवतो.
यांचं दरवेळी नवं. कपबशीनंतर शिट्टी,
मग शिवणयंत्र, ज्याचं चाक मला कधी गोल जमलं नाही.
गल्लीतल्या म्हाताऱ्या विचारायच्या,
"चैतराम, यंदा तू काय हायेस?"
सायकलला टेकून ते सांगायचे,
"मी तोच हाओ मावशी. चित्र बदललं."

त्या साली महापालिकेत एका मतावर महापौर अडला.
सकाळी दोन गाड्या आल्या, दोन बाजूंच्या,
आणि दोन्ही गल्लीच्या तोंडाशी थांबल्या.
गल्लीभर ताणा पसरला होता.
चैतराम त्यावर खळीचा कुंचला फिरवत होते,
बनियनवर, तोंडात खर्रा.
"चला साहेब, वेळ नाही," ड्रायव्हर म्हणाला.
"खळ वाळू दे."
डिसेंबरचं ऊन ते. खळ दुपारी दीडपर्यंत वाळली.
तोवर कडक इस्त्रीचे सहा माणसं
निखाऱ्यांच्या ओट्यावर बसून पोहे खाऊन गेले,
तर्री दोनदा मागून.

मत त्यांनी दिलं, बदल्यात एक कागद लिहून घेतला.
आम्ही समजलो, आपला रस्ता आला.
नाल्याच्या पलीकडे नळ आले.
पलीकडे, जिथे त्यांना कधी दहा मतं पडली नव्हती.
सभेत दगड नाही आला, पण चप्पल आली.
त्यांनी ती उचलून बाजूला ठेवली, जोडीची वाट पाहत असल्यासारखी,
आणि म्हणाले,
"पाणी भरलं की आपल्या घोट्याले लागते.
तिकडे पाळण्याले लागते. मी पाहून आलो."
कोणाला ते ऐकायचं नव्हतं.
मलाही नाही. माझं घर याच काठावर.

पोळा झाला, आणि दुसऱ्या दिवसासाठी
आमच्याच पोरांनी त्यांचा बडग्या बांधला.
तणस, बांबू, जुना सदरा, गळ्यात फुटक्या तोट्यांची माळ.
चेहऱ्याचं काम माझ्याकडे आलं.
दोनशे रुपये. रोख.

मी काढला. जाड भिंगाचा चष्मा, कानाशी तीळ,
सगळं पाठ होतं. डोळे मात्र
खाली पाहणारे काढले.
समोर पाहणारे काढता आले नाहीत.

इतवारीत गर्दी ओरडत होती,
घेऊन जा गे मारबत!
ते एका किराण्याच्या पायरीवर उभे होते,
पुडीतले फुटाणे खात.
मला लपायला जागा नव्हती.
"हुबेहूब," ते म्हणाले. पुडी माझ्यापुढे धरली.
"डोळे तेवढे चुकले.
काऊन खाली पाहून राहिला तो?"

पुढच्या निवडणुकीत छत्री मिळाली.
चारशे बारा मतं. अनामत गेली.
ती भिंत मी फुकट रंगवली असती,
पण त्यांनी मला बोलावलंच नाही, स्वतः काढली,
आणि ती छत्री, खरं सांगतो,
वटवाघळासारखी दिसायची.

आता फ्लेक्स आले. फ्लेक्सवर सगळेच
थेट तुमच्या डोळ्यांत पाहतात.
मी दुकानांच्या शटरवर नंबर लिहितो.

मागच्या महिन्यात त्यांची पोरगी आली, शेवंता,
तेराव्यानंतर चार दिवसांनी.
वहीत माझं नाव होतं म्हणाली, पहिल्याच पानावर.
पाकिटात साठ रुपये.
घेतले मी. सही करून दिली.

ते दोनशे
कोणाच्या हातात ठेवू?