एस्टीवाल्यांची पेटी

देश एस्टोनिया, म्हणून धारूरनं नाव ठेवलं
एस्टीवाले.
दोन जीपा, सतरा माणसं आणि हेलवी नावाची बाई,
जी आमच्यातली विडी ओढायची आणि हसायची नाही.
मुनीर मध्ये पडला. म्हणाला, नागोराव, पेटी पाहिजे.
म्हटलं, भजनाची का धान्याची?
म्हणाला, माणसाची.

आता धारूरात असली पेटी कोण करतंय?
आमची तिरडी जळून जाते,
मुनीरकडचा डोला मशिदीत परत येतो,
झाकण ठोकून माणूस न्यायचं माप माझ्या टेपवर नव्हतं.
मग मयत स्वतःच आलं माप द्यायला.
एल्मार, वय एकाहत्तर.
भुश्यात फळीवर आडवा झाला, डोळे मिटले,
आणि मुनीरकडून सांगवलं,
खांद्यात जरा सैल ठेवा.

गोष्ट अशी, की थंड गावचा एक कारकून मरतो,
चिठ्ठी ठेवून जातो, मला उन्हात पुरा.
दोन पोरं आणि एक सून त्याला घेऊन निघतात
आणि दर नाक्यावर एक कागद कमी पडतो.
तहसीलचा शिपाई ऐकून म्हणाला,
ह्यात इनोद कुठं हाय?

दुसऱ्या आठवड्यात पैसा आटला.
त्यांचा बर्फ त्यांच्या देशात राहिला,
मग तोही इथंच पाडायचं ठरलं,
भर चैतात, किल्ल्याच्या पायथ्याला,
माजलगावच्या जिनिंगचा पाच क्विंटल कापूस.
शेळ्या आल्या, बर्फ खाऊन गेल्या.
हेलवीनं कॅमेरा थांबवला नाही.
शेळ्या पिक्चरात आहेत.

पेट्या तीन.
जवळून दाखवायची सागाची, लांबून दाखवायची बाभळीची,
आणि घाटात फुटायची आंब्याच्या फळ्यांची.
तिला मुद्दाम निम्मेच खिळे मारले,
तरी फुटेना.
घरंगळत गेली खालच्या फाट्यापर्यंत
आणि तिथं उभीच राहिली,
एस्टीची वाट बघत असल्यासारखी.
चार वेळा ढकलली. चौथ्यांदा हेलवी हसली,
पहिली आणि शेवटची.
माझे बाराशे कापले, मजबूत केली म्हणून.

एल्मार दिवसभर आत.
उशाशी मी गिरमिटानं भोक पाडलं होतं,
त्यातून कौसा त्याला नळीनं ताक पाजायची.
मढ्याला ताक पाजणारी, असं बायका म्हणायच्या तिला.
मराठीचा एकच शब्द शिकला तो, तिच्याकडून.
हेलवी ओरडायची, पुन्हा एकदा!
आणि झाकणाखालून आवाज यायचा,
कामून?

दोन वर्षांनी मुनीरनं पंचायत समितीच्या हॉलात पिक्चर लावला.
जिथं त्यांनी रडायची जागा सोडली होती
तिथं अख्खा हॉल खो खो हसला.
हसायच्या जागी कोणी खोकलंसुद्धा नाही.
माझा हात चार सेकंद, एक खिळा ठोकताना.
शेवटी नाव आलं, नागोरा.
व कुठं तरी घाटात पडला असेल.

सागाची पेटी उरली होती. कौसानं तिच्यात ज्वारी भरली.

मग दिवाळीनंतर हेलवीचा निरोप.
एल्मार गेला, दवाखान्यात.
त्याला ती सागाची हवी होती, तिकडं अरुंद करतात म्हणे.
कौसा काही बोलली नाही.
ज्वारी उपसली, अंगणात पसरली,
पेटी आतून ओल्या फडक्यानं पुसली, भोकसुद्धा.

पाठवायचा खर्च मुनीरनं काढला आणि कागद घडी करून खिशात ठेवला.
वर ऑफिसातले विचारतात, आत कोण?
कोणी नाही.
मग मृत्यूचा दाखला कुणाचा जोडलाय?
त्याचा, जो तिकडं मेला.
तिकडं मेला तर पेटी इकडं कशी?
मी म्हटलं, साहेब, हे सगळं पिक्चरात आहे, बघा एकदा.
ते म्हणाले, सीडी जोडा.

तीन महिने झाले.
एल्मारला त्यांनी केव्हाच पुरलं असेल, अरुंदात.
अंगणातल्या ज्वारीवर चिमण्या मातल्यात
आणि कौसा ती परत भरू देत नाही.
रात्री गारठ्यानं लाकूड आखडतं, टक्क करून वाजतं.
ती झोपेतच विचारते,
कामून?
मी म्हणतो, साग हाय. झोप.