नेमाची वही

तळघराच्या पायऱ्या उतरताना
बाबांनी आधी भट्टीचं सांगितलं:
"ती बंद कर. उबेचा झोत सुटला
की काटा खोटं बोलतो."
बाहेर उणे एकोणीस. मसलशेल नदी
या काठापासून त्या काठापर्यंत थिजलेली.
मी भट्टी बंद केली, कोट चढवला,
बोटं उघडी ठेवणारे हातमोजे घातले.

मग पुंगळ्या. मागच्या हंगामात उडालेल्या,
काजळलेल्या, कॉफीच्या डब्यात बावन्न.
एकेक पुसायची, दिव्यापाशी फिरवायची,
मानेवर चीर आहे का बघायचं.
एक निघाली. केसाएवढी.
बाबांनी पकडीने चेपून टाकली तिला.
"हिच्यावर दया करायची नाही."

दांडा खाली ओढला की पुंगळी साच्यात शिरते,
फुगलेलं अंग आवळून
पुन्हा होती तशी होऊन बाहेर येते.
मला हेवा वाटला.
सदतिसाव्या वर्षी दोन पेट्या घेऊन
माहेरी परतलेल्या बाईला वाटणारच.

बाबांचा उजवा हात थरथरतो.
चमचा धरला की दारू ताटलीत कमी,
टेबलावर जास्त. म्हणून मी.
दारू म्हणजे ही, करडी,
शिसपेन्सिलीचं टोक मोडावं तशी.
दुसरी त्यांनी सोडली माझ्या लग्नाच्या वर्षी.
हिचं माप चुकलं तर रायफल फाटते, ते म्हणाले,
आणि पुढचं बोलले नाहीत.

ग्रेनचा दहावा भाग.
गुंजेचेच वीस तुकडे केले
तर त्यातला जेमतेम एक.
मी श्वास रोखून एक कण टाकते,
काटा हलतो, थांबतो, विचार करतो.
वर स्वयंपाकघरात फ्रीज गुरगुरतो
तर तोही मला शत्रू वाटायला लागतो.

शनिवारी हॉगेनच्या गवताच्या रानात
शंभर यार्डांवर कागद लावला.
पाच गोळ्या.
पाच भोकं, एकमेकांशी अबोला धरलेली.
दुकानातली काडतुसं बरी होती म्हणायची.
बाबा दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ गप्प.
मग: "एका वेळी काय काय बदललंस?"
दारू. गोळी बसवायची खोली.
आणि प्राइमरही, दुसरे होते म्हणून.
"मग आता विचारणार कुणाला?"

त्या रात्री त्यांनी वही काढली.
हिरवं कापड, कोपरे कुरतडलेले.
एकोणीसशे एक्याण्णव, ऑक्टोबर:
पाच भोकं, एका नाण्याखाली झाकतील एवढीच.
कागदाचा तो तुकडाच चिकटवलेला.
शेजारी आकडे, सातला मधोमध आडवी रेघ.

ही रेघ मला ठाऊक होती.
माझ्या शाळेच्या डब्यातल्या चिठ्ठ्यांवर होती,
बँकेच्या पासबुकात होती,
शेवटी दवाखान्याच्या फॉर्मवर, जरा वाकडी.

"तराजूवर आई बसायची?"
"मग कोण? माझ्या हातांनी त्या दिवसांत
ग्लास सोडून काही नीट मोजलं नाही."
"क्लबच्या पाटीवर तर तुमचं नाव आहे."
"घोडा मी दाबायचो," बाबा म्हणाले,
आणि चष्मा पुसत राहिले, दोन्ही काचा, पुन्हा पहिली.

मी पानं उलटत गेले. अकरा वर्षं.
आकड्यांच्या खाली कुठे कुठे बारीक अक्षरात:
भट्टी बंद. वारा पश्चिमेचा. लायल चिडलेला.
भट्टी बंद. बर्फ. पोरीला गोवर.
भट्टी चालू राहिली, सगळं वाया.
एका पानावर नुसतंच: आज मोजलं नाही.

रविवारी पुन्हा खाली उतरले.
जुनीच दारू, जुनेच प्राइमर,
फक्त गोळीची खोली बदलली, केसभर.
बाबा पायरीवर बसून, हात मांडीखाली दाबून.

रानातून आल्यावर वहीत लिहिलं,
तिच्या शेवटच्या नोंदीनंतर दोन ओळी सोडून.
पाचांपैकी तीन जवळ. एक थोडी वर.
एक कुठे गेली कळलं नाही.
भट्टी बंद होती.
वाऱ्याचा नेम नाही.