दगड आहे तिथं

बस शाळेची होती, पिवळी, भंगारात निघालेली.
केशोरावांनी ती भद्रावतीच्या लिलावातून उचलली,
फंडाच्या पैशातून, मला न विचारता.
बाकडी काढून तिथं पलंग ठोकला,
पाच किलोचा सिलिंडर, खसाचा छोटा कूलर,
खिडक्यांना माझ्या विटक्या पातळांचे पडदे.
‘हात खिडकीबाहेर काढू नये’
ही ओळ मात्र आतल्या पत्र्यावर तशीच ठेवली.
म्हणाले, खोटं काय आहे त्यात?

जायचं होतं जैसलमेरला,
वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानात.
काय आहे वो तिथं, शेजारणीनं विचारलं.
वाळू, म्हटलं. अन् एक पाखरू.
पाखरू पाह्यले एवढं डिझेल?
तिला काय सांगू,
आमच्या लग्नाआधी वरोऱ्याच्या शिवारात
यांनी माळढोक पाहिला होता, तुरीच्या धुऱ्यावर,
मान ताठ, सावकाश पावलं टाकत,
तलाठी जमीन मोजायला आल्यासारखा.
मग सारी नोकरी एसटीच्या डेपोत
ब्रेक लायनर बदलताना म्हणत राहिले,
तुला दाखवीन एकदा.
आता इथं दाखवायला उरला नाही.
म्हणून वाळवंट.

आर्वीच्या अलीकडं बस बसली.
मागं कडाड झालं, आणि पिनियन गेला.
ज्यानं तीस वर्षं सरकारच्या गाड्या उभ्या केल्या
तो स्वतःच्या गाडीखाली उताणा,
बाहेर फक्त दोन टाचा, भेगाळलेल्या.
मी काही बोलले नाही. टाचांना काय बोलणार?
पार्ट नागपूरहून येणार, एसटीच्या पार्सलनं,
आज, उद्या, मग सोमवारी.

चार दिवस पडीत जमिनीच्या कडेला राहिलो.
मार्चचं ऊन, पत्रा असा की वर पापड भाजावा.
लोक येत. लस द्याची गाडी हाय का जी?
कोन्या पार्टीचा परचार?
एकीनं तर ब्लाऊजपीसचा भाव विचारला,
नाही म्हटल्यावर चहा पिऊन गेली,
दुसऱ्या दिवशी वांगी घेऊन आली.
रात्री टपावर गादी टाकायचो.
हे पश्चिमेकडं बोट करून म्हणायचे, तिकडं आहे ते.
तिकडं मला टॉवरचा लाल दिवा दिसायचा.

तिसऱ्या सांजेला लहानू आला, मेंढरं घेऊन.
कुठं निंगाले? सांगितलं.
तो हसला नाही. काठी टेकून उभा राहिला.
हूम म्हनत जाय माही माय त्याले, म्हणाला.
हुंकारते ना तो, हांड्यात तोंड घालून बोलल्यावानी.
मी लहान होतो. याच पडतीत. पाय असा उमटे.
आणि खाली बसून त्यानं फुफाट्यात
तर्जनीनं तीन बोटं काढली,
तीनच, मागं अंगठा नाही,
रुंद, पुढं पसरलेली, वजनदार.
फुंकर घालून कडा साफ केल्या.
मग मेंढरांमागं निघून गेला,
पण आधी त्यानं सगळा कळप
त्या जागेला वळसा घालून नेला.

केशोराव तेव्हा आर्वीला गेले होते, पार्सलची चौकशी करायला.
मी त्यांना सांगितलं नाही.
का नाही, ते अजून नीट कळलेलं नाही मला.
रात्री वारा सुटला तेव्हा उतरून
त्यावर कणकेची परात पालथी घातली.
सकाळी विचारलं त्यांनी, परात कुठं?
म्हटलं, वाळत घातली आहे.

सोमवारी पार्ट आला. दुपारी इंजिन बोललं.
काळा धूर, मग पांढरा, मग नुसताच आवाज.
हे स्टिअरिंगवर, डोक्याला माझाच टॉवेल गुंडाळून,
आणि मी मागं, हात हलवत,
येऊ द्या, येऊ द्या,
आता डावीकडं. अजून डावीकडं.
अहो पूर्ण कापा!
खिडकीतून हात आणि डोकं दोन्ही बाहेर काढून ओरडले,
इतकी जागा आहे, काय आहे तिथं?

दगड आहे, म्हटलं. दगड आहे तिथं.
आणि परात उचलून चढले.